सोनाअक्कांनी बांधलेली पट्टी

लिहिण्याची सवय नाही, अधिकार तर नाहीच. निवृत्त परिचारिकेने साठीनंतर प्रथमच लेखणी धरावी, या आगाऊपणाची आधी क्षमा मागते. पण सोनाअक्का गेल्याचे कळताच मी धुळ्याहून धरणगावला त्यांच्या घरी पोहोचले, त्यांचे हात हातात घेतले आणि ते थंड लागले... तेव्हापासून राहवत नाही.

धुळ्याच्या एका रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षात, त्या आया म्हणून कामाला होत्या. बाळ धोक्याबाहेर आले, डॉक्टरांनी होकार दिला, की कोपरापर्यंत हात धुऊन, तळवे एकमेकांवर घासून, ऊब आधी स्वतःच्या गालावर पारखून त्या मालीश करीत. बाळ झोपले की खाटेच्या दांडीला बँडेजची पट्टी बांधीत. पट्टी असेपर्यंत त्याला कोणी उठवायचे नाही, असा त्या कक्षाचा अलिखित नियम.

त्या कक्षात मी नुकतीच बदलून आले होते. फैजपूरची एक तरुण आई, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आपल्या मुलीला स्पर्श करायलाही धजत नव्हती.

"अक्का, मोडेल हो ती!"

"पोर शे माय, पापड नही! लाव हात."

तिसऱ्या सकाळी त्या आईने स्वतः मुलीची पाठ चोळली आणि सुयांनी, आवाजांनी सतत दचकणारी ती मुलगी प्रथमच गाढ झोपली. तेवढ्यात वजनाची वेळ झाली. पट्टी मला गबाळेपणाची वाटली. ती सोडून मी मुलीला उचलले. मग दुपारपर्यंत ती रडत राहिली, दूधही घेईना. बाहेरून परतलेल्या आईला वाटले, आपल्याच हाताने हे झाले. तिने हात पदराखाली घेतले... आणि मी गप्प राहिले.

सोनाअक्कांनी माझ्या खिशातून डोकावणारी पट्टी पाहिली. "सिस्टर, वजनकाटा काय पळी जास का? नीज पळी जास," एवढेच हळू म्हणाल्या. मग आईजवळ बसल्या. "तुन्हा दोष नही माय. मागून मीच हात लावा व्हता. मन्हा हात थंडा व्हता."

संध्याकाळी आईने पुन्हा मालीश केले. मुलगी झोपली, तेव्हा अक्कांनी पट्टी माझ्यापुढे धरली. "तू बांध."

ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. तिची आई दर दिवाळीला फोन करून हसत विचारते, "आमच्या थंड हातांच्या अक्का बऱ्या आहेत ना?" आणि मीही हसते. कक्षात पट्टी आजही बांधतात, असे ऐकते. दिवाळी जवळ आली आहे. अक्का गेल्याचे तर सांगावेच लागेल. पण त्यांचे हात त्या दिवशी थंड नव्हते, हेही आता सांगावे का?