नापासरावांची दगडपरीक्षा

वजनकाटे तपासायच्या नोकरीत त्यांनी बत्तीस वर्षं दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळवलं. काटा केसभर चुकला तरी "नापास" म्हणून मोकळे. त्यामुळे सगळा बाजार त्यांना नापासराव म्हणायचा. निवृत्त झाल्यावर नापास करायला हाताशी कुणी उरलं नाही, तेव्हा ते दगडांकडे वळले.

नदीकाठचे, खोदकामावरचे, एकदा तर शेजाऱ्याच्या कुंडीतला, असे दगड उचलून आणायचे आणि घासून चकचकीत करायचे, हा त्यांचा नवा नाद. त्यासाठी कपडे धुवायच्या जुन्या मशीनची मोटर लावून त्यांनी एक फिरता डबा बनवला होता. आत दगड, पाणी आणि घासायची भुकटी टाकायची आणि डबा महिनाभर गरागरा फिरवत ठेवायचा. पहिल्याच खेपेला कठीण दगडांत मऊ दगड गेले. महिन्याने मोठ्या थाटात झाकण उघडलं, तर आत राखाडी चिखल. तेव्हापासून परीक्षेशिवाय डब्यात प्रवेश बंद. आधी खिळ्याने ओरखडा काढायचा. उमटला तर दगड मऊ. मग व्हिनेगरचा थेंब. फसफसला तर चुन्याचा. शेवटी काचेवर ओढून बघायचं. काच चरली तर पास. या शास्त्रापायी घरातल्या चार काचा कामी आल्या होत्या, त्यांतली एक आरशाची होती.

बायकोने हा खडखडाट दीड वर्ष सोसला. पण आता मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार होती.

"बाळ घरात आलं की हे धूड भंगारात जाणार," तिने सांगून टाकलं. "आता यावर चर्चा नाही."

डबा गेला तर दिवसभर करायचं काय, हा विचारच नापासरावांना सहन होईना. वाद घालून उपयोग नव्हता, तिला कशानं तरी विरघळवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसले असता न्हाणीघराच्या फळीवर त्यांना एक दगड दिसला. करडा, तळहाताएवढा. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका ओढ्याकाठी त्यांनी असाच दगड उचलून तिच्या हातात ठेवला होता. म्हणजे बाईने तो इतकी वर्षं जपला! त्यांचे डोळे भरून आले. थोडा साबणही गेला होता.

दगड घेऊन ते थेट त्याची परीक्षा घ्यायला बसले. खिळ्याने ओरखडा उमटला. व्हिनेगर फसफसलं. नापास. हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जड गेला. डब्यात घातला असता तर बायकोच्या प्रेमाचा चिखल झाला असता. मग त्यांनी अडगळीच्या खोलीत दार लावून, ओल्या पॉलिश पेपरने तो हाताने घासायला घेतला. आधी जाडा पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. अकरा दिवसांत अंगठ्याचं साल निघालं, पण दगड लोण्यासारखा झाला.

मुलगी येण्याच्या दिवशी सकाळी त्यांनी तो बायकोपुढे धरला. "ओळखलास?"

तिने उलटसुलट करून पाहिला. "अहो, हा माझा टाचा घासायचा दगड. अकरा दिवस शोधतेय मी. उगाच शेजारणीवर संशय घेतला."

"हा... ओढ्याकाठचा नाही?"

"हा? मागच्या वर्षी तुम्हीच नापास करून खिडकीत टाकला होता. खरखरीत होता म्हणून मी उचलला."

नापासरावांनी आपल्या सोललेल्या अंगठ्याकडे पाहिलं. बायको आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक रुमाल होता आणि रुमालात एक लहानसा काळा दगड.

"ओढ्याकाठचा हा. करडा नव्हता, काळा होता."

त्यांचा हात आपोआप पुढे गेला. तिने मूठ मिटली. "लांबून बघा. याची परीक्षा घ्यायची नाही."

नापासरावांना लाज वाटली आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी चाचरत विचारलं, "मग... डब्याचं काय करायचं?"

"राहू दे, मागच्या शेडमध्ये हलवा," ती दाराकडे जाता जाता म्हणाली. "पण आधी माझा दगड होता तसा खरखरीत करून द्या."