अध्यक्षांचे मालक

एका जगप्रसिद्ध माणसाशी मी आयुष्यात एकूण पाऊण तास बोललो, आणि त्यातलं फक्त एक वाक्य माझं स्वतःचं होतं. तेही खोटं होतं.

तेव्हा मी नांदूरघाटला हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. (म्हणजे मी बोलायचो आणि पोरं बसायची.) सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. गावाबाहेर जनावरांची छावणी लागली होती, पाणी टँकरने येत होतं, आणि अशात गावातल्या बायकांनी काढलेली दूध संस्था कशीबशी तग धरून होती. संस्थेची अध्यक्ष माझी बायको, सुमन.

संस्थेचा सगळा जीव एका टेम्पोवर होता. तो दूध न्यायला कधी नऊला यायचा, कधी बाराला. तोवर उन्हाने दूध नासायचं. कुठून कुठून चारा आणून, डोक्यावर पाणी वाहून काढलेलं दूध बायका भर दुपारी गटारीत ओतायच्या. सुमन तेव्हा काही बोलायची नाही. आणि ती बोलत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दूध गार ठेवणारी एक मोठी टाकी मिळाली तर संस्था वाचणार होती, नाहीतर उन्हाळा संपायच्या आत कुलूप लागणार होतं.

एका परदेशी ट्रस्टने टाकी द्यायचं मनावर घेतलं. पण आधी ट्रस्टचा प्रमुख स्वतः येऊन गाव बघणार होता, आणि हा प्रमुख म्हणजे एके काळचा जगातला सगळ्यात भीतिदायक फास्ट बोलर! नाव सांगत नाही. आपल्या तीन-चार चांगल्या फलंदाजांच्या बरगड्यांना ते पाठ आहे.

दुभाषी औरंगाबादहून यायचा होता. तो वेळेवर निघाला, वेळेवर पोचलाही. फक्त घाटनांदूरला! (नांदूरघाट आणि घाटनांदूर यांच्या घोळात आमच्या जिल्ह्यात पत्रं हरवलीत, पाहुणे हरवलेत, एकदा तर अख्खं वऱ्हाड हरवलंय.) "मी आलोय, पण इथं तुमचं कुणीच दिसत नाही," असा त्याचा फोन आला तेव्हा बोलरची गाडी आमच्या वेशीत शिरत होती.

"अवो, मंग तुमीच बोला की इंग्रजीत," सुमन म्हणाली.

"मी? अगं, त्यांचं बोलणं वेगळं असतं..."

"पंधरा वरसं पोरान्ला काय शिकवायलात मंग?"

प्रश्न वाजवी होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

बोलर संस्थेच्या खोलीत दारातून वाकून आत आला. त्याच्याबरोबर ट्रस्टची एक चष्मेवाली बाई होती, हातात वही. तिने मला आल्या आल्याच बजावलं, "शब्दाला शब्द. पदरचं काही घालू नका, काही गाळू नका. मागच्या गावातल्या दुभाष्याने मनाचं सांगितलं, म्हणून ते गाव आम्ही यादीतून काढलं." मग बायकांना मोकळं बोलता यावं म्हणून तिने गाडीबरोबर आलेल्या साहेब लोकांना, सरपंचांना, झाडून सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. खोलीत उरले ते दोघे, बावीस बायका, कोपऱ्यात माझी आई आणि इस्त्रीच्या शर्टातला मी.

सुरुवात झकास झाली. किती जनावरं, किती दूध, चारा कुठून आणता. मी चेंडू आला की तटवत होतो. मग बोलरने सुमनला विचारलं, "घराबाहेर कामाला यायचं तर कुणाची परवानगी लागते?"

"परवानगी कशाची? पर मालकाला सांगून येते," सुमन म्हणाली.

आता, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नवरा म्हणजे 'मालक'. ज्याला घरात कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा विचारत नाही तोही मालकच. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण डोक्यात 'शब्दाला शब्द' एवढंच घुमत होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "ती ओनरला सांगून येते."

बोलर पुढे झुकला. "ओनर?"

"ओनर," मी ठामपणे म्हणालो. (फळ्यावर स्पेलिंग चुकलं की मी असाच ठाम असतो.)

"हिलाच आहे, की या सगळ्यांना ओनर आहेत?"

मी विचारलं. बावीसच्या बावीस जणी खुसखुसल्या. "हायेत की!"

"सगळ्यांचा मिळून एकच?"

"आगं माय!" आमच्या शेजारच्या वच्छलाबाई किंचाळल्या. "एकच कसा आसंल? जिचा तिचा येगळा!"

बोलरचा चेहरा रागाने ताठरला. काय झालंय ते मला कळलं. तिथल्या तिथे 'चुकलो, हजबंड म्हणायचं होतं' एवढं बोललो असतो तर संपलं असतं. पण चष्मेवालीने 'ओनर' शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. दुभाषी चुकतोय कळलं की हेही गाव यादीतून जाणार! मी गप्प बसलो. माझ्यासारखा भित्रा माणूस अशा वेळी गप्प बसतो आणि त्याला विचारपूर्वक निर्णय म्हणतो.

"या ओनरने हिला कुठून मिळवलं?"

मी जरा मऊ करून विचारलं, "मालकाची गाठ कशी पडली, म्हणतायत."

सुमन चक्क लाजली. "माज्या वडलानं देलं मला. वर भांडी देली, गादी देली, सायकल बी देली."

मी सायकलीपर्यंत सगळं इंग्रजीत सांगितलं. चष्मेवालीचं पेन थांबलं.

"तिला तिथून निघून जाता येत नाही?"

"जाते की! दिवाळीला म्हायेरी जाते. पर चार दिसांत न्यायला येत्यात. करमतच न्हाई त्यान्ला."

'चार दिवसांत तो तिला परत घेऊन जातो,' इथवर माझं इंग्रजी आलं. 'करमत नाही'ला त्या भाषेत शब्दच सापडेना. ज्या एका शब्दाने माझी थोडीफार अब्रू वाचली असती, नेमका तोच गाळला गेला.

बोलरने उठून एक येरझार घातली. मग कोपऱ्यात बसलेल्या माझ्या आईसमोर तो उकिडवा बसला. "आणि या आजींचा ओनर?"

"माजे मालक गेले, बाबा," आई म्हणाली. "दोन वरसं झाली."

"म्हणजे आता या मोकळ्या आहेत?"

स्वतःच्या आईला मी हा प्रश्न विचारला. काय करणार, दुभाषी होतो! "आई, तू आता मोकळी हाएस का, म्हनतेत."

आईने पदर सारखा केला. "मोकळी हाय की. समदी मोकळीच हाय. पर करमत न्हाई रं."

पुन्हा तोच शब्द. या खेपेला मी भाषांतराचा प्रयत्नही केला नाही. माझेच डोळे भरून आले होते. बोलरने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचं त्याला बरोबर कळलं, मी मध्ये नव्हतो म्हणून असेल.

मग तो उभा राहिला आणि बाह्या वर करायला लागला. "या अध्यक्षबाईंचा ओनर आत्ता कुठे आहे? मला त्याला भेटायचंय."

त्याचा पंजा आमच्या परातीएवढा होता.

"काय म्हनायलेत?" सुमनने विचारलं.

"मालक कुठायत, विचारतायत."

"हे काय, हितंच तर हुबे..."

"तो परगावी गेलाय," मी इंग्रजीत म्हणालो.

महिन्याभराने ट्रस्टचं पत्र आलं. टाकी मंजूर! संस्थेची सभा भरली आणि पत्र वाचून दाखवायला अर्थात मलाच बोलावलं. मी वाचत गेलो, बायका टाळ्या वाजवत गेल्या, आणि शेवटच्या परिच्छेदाला मी थांबलो.

"थांबलात कावून?" सुमन म्हणाली. "म्होरं वाचा."

"यंत्रावर कोणत्याही मालकाचा हक्क राहणार नाही. विशेषतः अध्यक्षांच्या मालकास... यंत्राच्या शंभर फुटांच्या आत येऊ देऊ नये. तसा ठराव पाठवावा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मी सगळं कबूल केलं. सायकल, दिवाळी, परगाव, सगळं. वच्छलाबाई हसता हसता भिंतीला टेकल्या आणि सुमनने पदर डोळ्यांना लावला, तो रडण्यासाठी नव्हता.

"मी आजच लिहून खुलासा करतो," मी म्हणालो.

"काई लिवू नगा!" सुमन कडाडली. "आदी टाकी बसू द्या. मंग लिवा सावकाश. ठराव घ्या!"

'अध्यक्षांच्या मालकास शंभर फुटांच्या आत मज्जाव करण्यात येत आहे.' सूचक वच्छलाबाई, अनुमोदक माझी आई. ठराव लिहून घेतला मी, कारण अक्षर माझंच बरं.

टाकी आली. दूध नासायचं थांबलं, आणि त्या उन्हाळ्यात संस्थेला कुलूप लागलं नाही. मग मी ट्रस्टला चार पानी पत्र लिहिलं, 'तो मालक मीच, आणि दुभाषीही मीच.' त्यावर दोन ओळींचं उत्तर आलं: 'मालकाने अध्यक्षांच्या वतीने आमच्याशी पत्रव्यवहार करू नये. अट कायम आहे.'

अडचण एवढीच झाली की, पक्कं छप्पर आणि बऱ्यापैकी वीज अशी गावात एकच जागा निघाली, आमची पडवी. टाकी तिथेच बसली. माझी खाट तिच्यापासून अकरा फुटांवर आहे. तेव्हापासून मी स्वतःच्या घरात ठरावाविरुद्ध राहतोय, आणि दर वर्षी संस्थेच्या सभेत मला एक वर्षाची मुदतवाढ द्यावी का, हा विषय मतदानाला येतो. गेल्या वर्षी मी दोन मतांनी वाचलो. विरोधात पहिला हात आईचा होता.