अंजूरची गिरणी आणि खारी रेती

गिरणीच्या भिंतींना मी खाडीची रेती न धुता लावली.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. भिवंडीत आम्ही राहायचो त्या खोलीला लागूनच लूम चालत. दोन्ही शिफ्टची धूळ बायकोच्या छातीत बसली होती. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. अंजूरला भाताची एक जुनी गिरणी बंद पडली होती. दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, आढ्याला अजून कोंडा चिकटलेला. मी ती घेतली आणि बायकोला सांगितलं, पावसाआधी तुला मोकळ्या हवेत नेतो.

चुन्याचा गिलावा चांगला धडधाकट होता. पण मला घर नवं दिसायला हवं होतं, म्हणून तो मी स्वतः उभा राहून खरवडून काढवला. गावातले एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, खाडीची रेती आहे, एक पावसाळा उघड्यावर पडू द्या, मीठ निघून जाईल. इथं सगळे तसंच करतात. ते सिमेंटच्या परमिटचे दिवस. खेपा घालून मिळवलेल्या गोण्या पावसाळाभर घरात दगड होऊन बसतील, या धास्तीनं मी मिस्त्रींना शास्त्र शिकवलं. सिमेंटपुढे मिठाचं काही चालत नाही, असं मी त्यांना ठासून सांगितलं. हे कुठं वाचलं होतं ते आजही आठवत नाही. बहुधा कुठंच नाही.

पावसाआधी गिलावा उरकून आम्ही राहायला आलो. आषाढात भिंतींना घाम फुटला. श्रावणात मिठाची पांढरी लव उगवली. मी रोज फडक्यानं पुसायचो, ती रोज यायची. अंथरुणं ओलसर, कपड्यांना वास. बायकोचा खोकला भिवंडीत निदान लूमच्या आवाजात बुडायचा, इथं तो स्वच्छ ऐकू यायचा. मीच रोज म्हणायचो, चार दिवस ऊन पडलं की सुकेल. शेवटी तिचा भाऊ आला आणि तिला माहेरी अकलोलीला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीवर नख ओढलं. हातभर गिलावा खाली आला. काही उपाय आहे का, मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. मग रिकामी खाट बघून, "वैनी गेल्या?"

मी मान हलवली.

"बरं झालं. येक मानूस तरी तुमच्या हातून वाचलं."