ऐंशी टक्क्यांच्या नादात

माझा दादा तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर होता. त्या खडखडाटात कान कधी गेले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कारखान्यात सगळेच एकमेकांचे ओठ आणि हात बघून बोलतात, त्यामुळे शेठला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. लागला असता तर दुसऱ्या दिवशी दादाची ड्युटी गेली असती.

आता तो खारबावला घरीच असतो. निम्म्याहून जास्त बहिरेपणाचा दाखला आहे, त्यावर राज्याचं अनुदान महिन्याच्या महिन्याला येतं. त्यातूनच वहिनीची औषधं येतात. सगळं सुरळीत चाललं होतं, पण मी शहाणी मध्ये पडले ना.

कोणीतरी म्हणालं, केंद्राची पेन्शन वेगळी असते. लागले मी चौकशीला. राज्याला चाळीस टक्के चालतात, केंद्राला ऐंशी लागतात. राज्य उत्पन्नाचा दाखला मागतं, केंद्राला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. तहसील कचेरीत एका खिडकीवर म्हणाले, दोन्ही घ्या. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, एकच मिळतं. तिसरा म्हणाला, "ताई, पैसा दिल्लीचा, पण फॉर्म इकडचाच." माझं डोकं पार भणाणलं. मी आपला हिशेब केला, दिल्ली मोठी तर पैसेही मोठे असणार. दादाचे कान आता पुरतेच गेलेत, ऐंशी टक्के कुठे जात नाहीत. घेऊन गेले त्याला नव्याने तपासायला.

सरकारी दवाखान्यात त्याला हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की हात वर करायचा, एवढंच. मी बाहेर बाकावर बसले होते. अर्ध्या तासाने डॉक्टर म्हणाले, "यांना बरंच ऐकू येतं की. चाळीससुद्धा होत नाहीत."

मला काही उमजेना. तशीच कचेरीत गेले. या वेळी एका बाईंनी शांतपणे समजावलं. केंद्राचे पैसे थोडेच असतात, वरचे राज्यच घालतं, हातात दोन्हीकडून सारखेच पडतात. "पण आता चाळीसच्या खाली असाल, तर आहे ते अनुदानही बंद होईल," त्या म्हणाल्या. दादा त्यांच्या ओठांकडे बघत होता, पण त्या मान खाली घालून बोलत होत्या.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तोंड नीट हलवून विचारलं, "दादा, तुला खरंच ऐकू येत होतं?"

"न्हाय गं बाय. काचेतून त्या आवाज सोडणाऱ्या बाईचं बटणावरचं बोट दिसत व्हतं. बोट हललं का माझा हात वर." तो खुशीत हसला. "शेठनं बी अशीच पारख केली व्हती माझी. एकदाबी चुकलो न्हाय."

संताप आला. त्याच्यावर का माझ्यावर, अजून सांगता येत नाही. तोंडाशी आलेलं बोलायला मी आधी पाठ फिरवली, कारण समोर बोलले असते तर त्याने ओठ वाचले असते.