कुलपातला कोंबडा

सन १८३५. इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली. लँकेशायरमधल्या आमच्या गिरण्यांच्या खोऱ्यात झुंज मात्र थांबली नाही; ती कोंबड्यांकडून त्यांच्या मालकांकडे आली. रक्ताऐवजी पिसांवरून हारजीत ठरू लागली.

झिल्पा ऑर्मरॉड कापडगिरणीत चार माग चालवणारी विधवा. चौदा वर्षे ती सेब्राइट जातीच्या, कबुतराएवढ्या कोंबड्या पैदा करत होती: रुपेरी पीस आणि प्रत्येक पिसाला टाकाने ओढल्यासारखी काळी किनार. किनार कुठे जाड झाली, टोकाशी तुटली, की ते पिल्लू मोठे होऊन रविवारी पातेल्यात जाई. या जातीत नराचे शेपूटही मादीसारखे लागते. कोयत्यासारखे एक लांब पीस दिसले की तो प्रदर्शनातून बाद.

१८ फेब्रुवारी १९११ रोजी ‘वूलपॅक’ गुत्त्याच्या माडीवर, कोंबड्या पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात, तिच्या नराला पहिले बक्षीस मिळाले. मंडळाच्या इतिवृत्तात त्याच दिवशीची तक्रारही आहे. तक्रारदार मंडळाचा सचिव जेबेझ, म्हणजे झिल्पाचा सख्खा दीर. तिने नराची लांब पिसे उपटली, असा आरोप. तो सिद्ध झाला असता तर तिला जन्मभर कुठल्याही प्रदर्शनात पिंजरा ठेवता आला नसता.

गुत्तेवाल्याची बायको मार्था क्रॅबट्री तिथे हजर होती. पुढचे बोलणे तिने म्हातारपणी मुलीला सांगितले आणि मुलीने मला. ते तेवढ्याच विश्वासाने घ्यावे.

“भाऊ होता तोवर त्याचे केस उपटलेस, वहिनी. आता कोंबड्याची पिसं.”

“तुमच्या डोक्यावर उपटण्याजोगं काही उरलं नाही भाऊजी, म्हणून जळताय.”

प्रदर्शनाच्या पंचाने हात वर केला. “उपटलेलं पीस सहा आठवड्यांत परत दिसतं. तोवर नर इथंच, कुलपात. किल्ली सचिवाकडे.”

“कोल्ह्याकडेच द्या की,” झिल्पा म्हणाली. पण पिंजरा तिने दिला.

हंगाम अंड्यांचा होता. तिसऱ्या आठवड्यात माडी झाडताना मार्थाला नराच्या पिंजऱ्यातल्या भुशात दोन अंडी सापडली. तिने झिल्पाला गिरणीच्या फाटकाशी गाठले.

“अगं, तुझा कोंबडा अंडी घालायला लागला. जेबेझ टोपलीतून आपल्या कोंबड्या वर आणतोय.”

“आणू दे.”

“तुझं वाण चोरतोय तो.”

“मार्था, तू काही पाहिलं नाहीस. झाडत राहा.”

सेब्राइटमध्ये अगदी मादीसारख्या शेपटाचे नर पुष्कळदा निर्बीज निघतात, असे पाळणाऱ्यांत बोलले जाते. जेबेझनेही ते ऐकले असणार. पण ती किनार पाहून त्याला राहवले नसावे. झिल्पाच्या मागच्या अंगणात, कोळशाच्या खोलीपाशी, कोयत्यासारख्या शेपटाचा दुसराच एक नर असे. प्रदर्शनात कुणी त्याला उभेही केले नसते. मार्थाच्या म्हणण्याप्रमाणे झिल्पाची बक्षीस मिळवणारी सगळी पिल्ले त्याचीच.

१ एप्रिलला कुलूप उघडले. पंचाने नराचे शेपूट खिडकीपाशी उलटसुलट करून पाहिले. नवा एकही कोंब नव्हता. जेबेझने पिंजरा पायाने पुढे ढकलला.

“ने हा तुझा फुसका कोंबडा.”

झिल्पाने पिंजरा उचलला नाही. “सहा आठवडे एकटाच होता ना, भाऊजी? मग फुसका आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

मार्थाने एप्रनच्या खिशातून दोन अंडी काढून पंचासमोर ठेवली. “कोंबड्याची,” ती म्हणाली.

इतिवृत्तात अंड्यांचा उल्लेख नाही. ‘नवे पीस नाही. आरोप रद्द.’ एवढेच. खाली जेबेझची सही आहे, आणि त्यानंतर कुठेच नाही. दीर-भावजय पुढची एकोणीस वर्षे एकाच गल्लीत राहिले; एकमेकांशी बोलल्याचे कोणाला आठवत नाही.

पिंजरा हवाली करताना नर निर्बीज असल्याचे झिल्पाला ठाऊक होते की नाही, हे कोणत्याही कागदावरून ठरत नाही. मार्थाने तिला ते कधी विचारले नाही. त्या नराचे पुढे काय झाले, हेही अज्ञात आहे.