हरणाबाईचं टाकं

गडावर चढणारा प्रत्येक माणूस हरणाबाईच्या लेखी चोरच. माण तालुक्यातल्या त्या आडबाजूच्या गडाखाली ती नांदायला आली. नवरा मेंढरांमागं फिरून थकला आणि गेला, पोरं मुंबईला लागली, आणि तिच्यापाशी उरल्या शेळ्या. तिचा संशय खोटा म्हणायचीही सोय नव्हती. गेल्या साली गुप्तधनाच्या नादानं कुणीतरी वरचं टाकं उकरलं. कातळाला चीर पडली, पाणी झिरपून गेलं, आणि खड्ड्याशी उरली कापलेली लिंबं अन् कुंकू. आता शेळ्यांचा उन्हाळा खालच्या टाक्यावर. तेही गेलं तर शेळ्या विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून तिनं टाक्याचं तोंड बोरीच्या काट्यांनी झाकून टाकलं होतं. चैतात पाणी परक्याला दाखवायचं नाही, ही सासूची शिकवण.

अशा चैतातच वाईचं एक जोडपं गड बघायला आलं. सुमंत टेप लावून बुरूज मोजू लागला. शरयूच्या पिशवीत लिंबं दिसली, आणि हरणाबाईला वरच्या टाक्याशेजारचा खड्डा आठवला.

"आजी, जुन्या काळी वेढा पडला की इथली माणसं पाणी कुठलं प्यायची?" सुमंतनं विचारलं.

"प्यायलीच न्हाईत. तशीच मेली."

ती काठी टेकत दोघांच्या मागंमागं राहिली. दुपारी शरयू मट्कन खाली बसली. बाटल्या कधीच रिकाम्या झाल्या होत्या. हरणाबाईला आधी वाटलं, सोंग करतेय. पण पोरीचे ओठ पांढरे पडले, डोळे फिरले, तेव्हा तिला राहवेना. शिव्या घालतच तिनं काटे ओढले.

पाणी पोटात गेल्यावर शरयू सावरली. तिनं लिंबू आणि चाकू काढला तशी हरणाबाईनं काठी उगारली. शरयूनं मात्र लिंबू पिळलं, साखर ढवळली आणि सरबताचा पहिला पेला तिच्याच पुढं धरला. म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती मोकळेपणानं बोलली. वेढ्याच्या वेळी किल्लेदाराच्या बायकोनंही टाकं असंच काट्यांनी झाकलं होतं म्हणे, आणि वर चढून आलेला शत्रू पाण्याशेजारीच तहानला.

सुमंत तर हरखूनच गेला. त्यानं भराभर फोटो काढले. "आजी, तुमचं टाकं टाकलं बघा फोनवर. आता सगळ्यांना कळेल!"

कळलंच. रविवारी गडाखाली गाड्या लागल्या. पोरांनी टाक्यात उड्या मारल्या, कुणी साबण लावून अंघोळ केली. त्या पाण्याला शेळ्यांनी तोंड लावलं नाही.

हरणाबाईनं शेळ्या बाजाराच्या वाटेला लावल्या. वाटेत शेजारचा नाथाजी भेटला. "काकू, त्यो वाईचा गडी चोर न्हवता म्हंत्यात."

"न्हवता रं," हरणाबाई म्हणाली. "चोर आसता तर बरं झालं आसतं. चोर जागा कुनाला सांगत न्हाई."