बेचाळीस घरांची यादी

त्या माणसाचं नाव मी वाचलंय, पण बेचाळीस नावांतलं त्याचं कोणतं, ते आजही सांगता येणार नाही.

दोन हजार आठच्या सुमारास नाशिक रोडला माझा सायबर कॅफे होता. एका दुपारी साठीचा एक माणूस देवळात यावं तसा चपला बाहेर काढून आत आला. त्यानं खिशातून पेपरचं कात्रण काढलं. बातमी अशी होती की परदेशात काही लोक समुद्रावर तरंगतं शहर बांधणार होते आणि तिथं राहणारेच तिथले कायदे ठरवणार होते.

"ह्यांना माणसं पाहिजेत म्हणं. आमची नावं लावा."

त्याचं गाव इगतपुरीकडं धरणात गेलं होतं आणि माणसं पाच गावांत विखुरली होती. "तिथं गावसभेला बसू देत्यात, पण बोललं की म्हणत्यात, तुम्ही धरणवाले. आमच्या गावात घरटी एक माणूस बोलल्याबिगर काय ठरत नव्हतं."

मी त्या लोकांची वेबसाइट उघडून फॉर्म काढला. नाव विचारताच त्यानं वहीचा कागद उलगडला. गावात घरं जशी होती, त्याच क्रमानं बेचाळीस नावं लिहिली होती.

"काका, फॉर्म एकाच माणसाचा आहे. तुमच्या एकट्याचा भरू?"

स्क्रीनवरच्या निळ्या पाण्याकडं त्यानं एकदा बघितलं. मग कागदाची जुन्या खुणांवरूनच घडी घालत म्हणाला, "एकट्याला राहायला जागा हाय की मला. गाव नाय."